आठव्या नंबरचा सूर

सेंट-ओडिल फॉल्स, मेन
१५ सप्टेंबर १९७४

लिओनेल,

आधी एक गोष्ट. फोन करत जाऊ नकोस. गेल्या रविवारी तू अर्धा तास बडबडलास आणि त्यातलं निम्मं मला कळलं नाही. आमच्याकडची लाइन रद्दी आहे, आणि तूही वूस्टरला जाऊन ओठांतल्या ओठांत बोलायला शिकलायस. पत्र लिही. पत्रात तू निदान मुद्द्यावर तरी येतोस.

स्पीकर पोचले. ट्रकवाल्याने आणि मी मिळून आत आणले. तुझी बहीण रेजीन दारात उभी राहून आम्हाला हुकूम सोडत होती. "दोन शवपेट्या दिवाणखान्यात आणून ठेवल्या, आता पाद्रीबाबाला बोलवा म्हणजे झालं," असं म्हणाली. पण आहेत देखणे. तुझ्या वडिलांच्या तळघरात आपण दोघांनी जोडला होता ना, तो काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, तोच लावला. पहिली तबकडी अर्थातच फिडलची.

आवाज येतो, गाणं येत नाही. फिडलवाला खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ताल धरतो, ते पाय मला नीट ऐकू येतात. पण गज तारेवर घासल्याची ती खरखर, जिच्यासाठी माणूस ऐकायला बसतो, ती कुठे गेली? कुणीतरी घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. तू दुकानात लावून बघितले होतेस की नुसतेच पुसून पाठवलेस?

कागदाच्या मिलचं विचारलं होतंस. सगळं ठीक. कंपनीने सगळ्यांना कानावर घालायला प्लास्टिकच्या वाट्या दिल्यात. आम्ही त्यांना उंदराचे कान म्हणतो. मी सोडून सगळ्यांना सक्ती. मी ते घातले तर बेअरिंग कोण ऐकणार? एकतीस वर्षं झाली, लोखंडी सळई एका टोकाने बेअरिंगला आणि दुसऱ्या टोकाने कानामागच्या हाडाला लावतो आणि सांगतो की हे अजून महिनाभर जाईल, हे शनिवारी बदला. लगदा पांढरा करतात त्या ब्लीचखान्याच्या दाराशी पंपाजवळ माझी जागा आहे. आत क्लोरीन गळला तर धोक्याची घंटा होते, पण उंदराचे कान घातलेल्यांना ती कळत नाही. म्हणून दार उघडण्याआधी प्रत्येकजण माझ्याकडे बघतो. मी अंगठा वर केला की आत जायचं. कंपनीच्या कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही, पण माझ्या अंगठ्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकत नाही. ऑरेल मिशो तर म्हणतो, "पोप आर्मां, आशीर्वाद द्या." नालायक आहे.

स्पीकरचं काहीतरी कर.

आर्मां


वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
२२ सप्टेंबर १९७४

प्रिय पोप आर्मां,

लावून बघितले होते. तीन दिवस. माझ्या दुकानातून न ऐकलेली वस्तू बाहेर जात नाही, हे तुला माहीत असून तू टोमणा मारलास, म्हणून आता तुला पूर्ण व्याख्यान ऐकावं लागेल.

तुझे स्पीकर बंद पेटीचे आहेत. आतली हवा स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे खालचा सूर गोड येतो, पण पेटी खादाड असते. तिला भरपूर ताकद लागते. तुझा अ‍ॅम्प्लिफायर पंधरा वॉटचा. तुझ्या आणि ताईच्या लग्नात आपण तो वाजवला होता तेव्हा समोर वेगळे स्पीकर होते, उघड्या भोंग्याचे, त्यांना दोन वॉट दिले तरी रस्त्यावरची माणसं वळून बघायची. हे तसे नाहीत.

दुसरं. हे चार ओहमचे आहेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे चार, आठ, सोळा असे आकडे लिहिलेले स्क्रू आहेत. तू तारा आठवर लावल्या असणार, कारण जुने स्पीकर आठचे होते. चारवर घे. ट्रान्सफॉर्मर ज्या भाराला गुंडाळलेला असतो तोच भार त्याला मिळायला हवा, नाहीतर ताकद आतल्या आत वाया जाते.

एवढं केलंस की घोंगडी निघेल. नाही निघाली तर मला सांग, पण निघेल.

ताईला म्हणावं, शवपेट्यांवर फुलदाणी ठेवू नको. पाणी सांडलं तर मी येऊन भांडेन.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
१३ ऑक्टोबर १९७४

लिओनेल,

तारा आठवरच होत्या. चारवर घेतल्या. पायांचा ताल आणखी छान झाला. घोंगडी तशीच.

मग मी आवाज वाढवला. ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण पूर्ण उजवीकडे. थोडं बरं वाटलं. त्यानंतरच्या शनिवारी रात्रीच्या जेवणाचा घेवडा ओव्हनमध्ये शिजत होता, रेजीन चर्चमध्ये, मी निवांत ऐकत बसलो होतो, आणि डाव्या पेटीतला तो वरचा छोटा स्पीकर मेला. मला कळलंही नाही. रेजीन आली आणि दारातच म्हणाली, "डावीकडचा बंद पडलाय का?" तिला लगेच कळलं, याचं मला जरा आश्चर्य वाटलं. बायकांचे कान.

स्पीकर काढून मोज्यात गुंडाळून पाठवतोय. मोजा धुतलेला आहे.

मिलमध्ये घंटा काढून शिट्टी बसवली. परवा सगळ्यांना उंदराचे कान काढायला लावून वाजवून दाखवली. ऑरेलने दोन्ही हात कानांवर घेतले, म्हणाला दात शिवशिवले. मला काही एवढी टोचली नाही. इतकी वर्षं मशीन ऐकून कान कणखर झालेत. दारावर लाल दिवाही लावणार आहेत म्हणे, तो अजून आलेला नाही. तोवर माझा अंगठा आहेच.

आर्मां


वूस्टर
२० ऑक्टोबर १९७४

आर्मां,

मोजा परत पाठवतोय. माझ्या बायकोने पुन्हा धुतला.

तुझा ट्वीटर, म्हणजे तो छोटा स्पीकर, उघडला. आतली तार केसापेक्षा बारीक असते, ती जळून काळी झालीय. आता ऐक, कारण यात शंभरातले नव्वद लोक फसतात. लोकांना वाटतं, मोठा अ‍ॅम्प्लिफायर लहान स्पीकरला मारतो. उलट आहे. अशक्त अ‍ॅम्प्लिफायर मारतो. पंधरा वॉटच्या जिवाकडे तू चाळीस मागितलेस, त्याच्याकडे नाहीत, मग तो सुराचा माथा कापून सपाट करतो. त्या कापलेल्या कडांचा सगळा कचरा वरच्या छोट्या स्पीकरवर जाऊन पडतो. बिचारा भाजून मरतो.

म्हणजे दोष तुझा नाही, स्पीकरचा नाही, जोडी चुकली. मी साठ वॉटचा पाठवतोय, ट्रान्झिस्टरचा. माझ्या स्वतःच्या बैठकीतला आहे, तेव्हा नीट वागव. नवा ट्वीटरही सोबत आहे. आता ट्रेबलचं बटण मध्यावर ठेव, आवाज हवा तितका वाढव, आणि मला लिही की लिओनेल, तू देवमाणूस आहेस.

घोंगडीचं कारण मिळालं याचा मला फार आनंद झालाय. चार आठवडे डोकं खात होतं.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
१७ नोव्हेंबर १९७४

लिओ,

आर्मांला न सांगता लिहितेय. तो ऑरेलबरोबर हरणाच्या शिकारीला गेलाय.

तू काय पाठवलंयस ते मला कळत नाही, पण ते घरातून घेऊन जा. मी तुझ्याहून मोठी आहे, तुला डायपरात बघितलंय, तेव्हा ऐक. त्या पेट्यांतून सुया निघतात. फिडल सुरू झालं की माझे जबडे आवळतात. आमचा बिझू शेपूट घालून तळघरात जाऊन बसतो, आणि तो कुत्रा बंदुकीला भीत नाही. शेजारची बाई खिडकी बंद करते, थंडी नसली तरी. आणि तुझा मेहुणा खुर्चीत बसून म्हणतो, "अजून घोंगडी आहे."

परवा मी तव्यावर प्लॉयची धिरडी घालत होते, हात पिठात. किटली शिट्टी मारत होती. तो किटलीच्या शेजारी पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं, "किटली." तो म्हणाला, "मंगळवारी." मी हसले. मग मला हसू आवरेना, आणि नंतर मला वाईट वाटायला लागलं, का ते माहीत नाही. हल्ली असंच होतं. मी एक विचारते, तो दुसऱ्याच कशाचं उत्तर देतो, आणि इतक्या ठामपणे देतो की मीच गोंधळते.

तूच शहाणा ना त्यातला, मग यंत्राचं काय बिघडलंय ते शोध. तो चिडचिडा झालाय. रोज मागे वाकून तारा बघतो. गेल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी होतं, म्हणाला धुळीमुळे.

रेजीन


वूस्टर
२४ नोव्हेंबर १९७४

प्रिय आर्मां,

तुझं दुसरं पार्सल मिळालं. आता उजवा ट्वीटर गेला. साठ वॉट देऊनसुद्धा. उघडून बघितला, आतली तार पहिल्यापेक्षा वाईट जळलीय.

मी सत्तावीस वर्षं हा धंदा करतोय आणि एवढी चांगली जुळणी मी क्वचित केलीय. कागदावर सगळं बरोबर आहे. ओहम बरोबर, वॉट बरोबर. म्हणून आता अंदाज बंद, मोजमाप सुरू.

सोबत एक कॅसेट आहे. तिच्यावर दहा सूर आहेत, खालपासून वरपर्यंत. प्रत्येकाच्या आधी मी नंबर बोललोय. ट्रेबलचं बटण मध्यावर ठेव, आवाज नेहमीच्या गप्पांएवढा, आणि खुर्चीत बसून ऐक. कागदावर दहा चौकोन आखलेत. जो सूर स्पीकर वाजवेल त्याच्यापुढे खूण कर, जो गिळेल त्याचा चौकोन रिकामा सोड. पेटीचं कुठे दुखतंय ते लगेच कळेल. एकट्यानेच ऐक, ताईला बोलवू नकोस. तिला यातलं काही कळत नाही.

दोन नवे ट्वीटर ठेवलेत.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
८ डिसेंबर १९७४

लिओनेल,

तुझं शाळामास्तरचं काम करून झालं. कागद जोडलाय. दहाच्या दहा ऐकले. पहिले तीन तर खुर्ची हलवतात. वरचे बारीक आहेत, पण आहेत. आठवा सगळ्यात स्वच्छ. म्हणजे स्पीकर ठीक आहेत आणि दोष तुझ्या साठ वॉटचाच आहे. तुझ्या फुशारकीचं काय करायचं ते तूच बघ.

मला वाटतं शंभर वॉटचा लागेल. असला तर पाठव.

बर्फ गुडघाभर. ब्लीचखान्याचा लाल दिवा अजून आलेला नाही. एप्रिलमध्ये कंपनीची डॉक्टरांची गाडी येणार, सगळ्यांचे कान तपासायला. ऑरेल म्हणाला, "पोपचे कान तपासायचे म्हणजे पाप." सगळे हसले. मीही हसलो.

आर्मां


वूस्टर
१२ डिसेंबर १९७४

आर्मां,

आठव्या जागी काहीच नव्हतं.

मी नंबर बोललो आणि पाच सेकंद कोरी टेप सोडली. मुद्दाम. ताईने किटलीचं लिहिलं होतं, तिला कशाबद्दल लिहितेय ते माहीत नव्हतं, पण मला वाचताच संशय आला. मी तुला फसवलं, त्याबद्दल माफी मागणार नाही.

पाचव्यानंतर तुला काही ऐकू येत नाही, असं मला वाटतं. सहावा आला असेल कदाचित. तू बटण पूर्ण फिरवून जे जाळत होतास ते तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी सप्टेंबरपासून तुला ओहम आणि वॉट शिकवतोय. एकदाही विचारलं नाही की खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय. आमच्या धंद्यात हे कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक म्हणालं घोंगडी, तर आम्ही पेटी उघडतो.

स्पीकर गेले खड्ड्यात. मला झोप लागत नाही ती तुझ्या अंगठ्यामुळे. ती नवी शिट्टी किती बारीक आहे ते मी शिट्ट्या बनवणाऱ्यांच्या यादीत बघितलं. ती तुझ्या सातव्या सुराच्या आसपास आहे. आर्मां, तुला ती शिट्टी ऐकू येत नाही. तिकडे माणसं तुझ्याकडे बघून आत जातात.

उद्याच्या उद्या फोरमनला सांग. मी ओरडत नाहीये, विनवतोय.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
५ जानेवारी १९७५

लिओनेल,

तीन आठवडे तुझं पत्र जेवणाच्या डब्यात घेऊन फिरलो. नाताळात खिम्याचं तुर्त्येर खाताना रेजीन म्हणाली, लिओचं पत्र का नाही आलं? मी म्हटलं, धंद्याचा मोसम आहे.

दोन वर्षांपासून माहीत आहे मला. आधी जंगलातले पक्षी गेले. मग मनगटावरचं घड्याळ. मी स्वतःला म्हणायचो, पक्षी कमी झालेत. बेअरिंग अजून कळतं, कारण ते हाडातून येतं, खालच्या सुरात गुरगुरतं. पण बेअरिंग खराब व्हायला लागतं तेव्हा पहिल्यांदा एक बारीक किणकिण होते. ती आता येत नाही. मी हात लावून, गरमी बघून सांगतो. आतापर्यंत चुकलो नाही.

स्पीकर कशाला मागवले ते सांगतो. मला वाटलं, जर का भारीतल्या भारी स्पीकरवर, तू स्वतः जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर ती फिडलची खरखर ऐकू आली, तर मग माझं काही बिघडलेलं नाही. दर वेळी तू लिहायचास की दोष जोडणीत आहे, आणि मी आनंदाने वाचायचो. तुझं ओहमचं ते कंटाळवाणं व्याख्यान मी चार वेळा वाचलंय. तुला काय कल्पना मला किती बरं वाटायचं.

फोरमनला सांगितलं तर मला सोमवारी लाकडांच्या आवारात पाठवतील, साली झाडायला. एकतीस वर्षांनंतर. त्या मिलमध्ये माझं नाव नाही, माझे कान आहेत. एप्रिलमध्ये डॉक्टरची गाडी येणारच आहे. ती सांगेल. यंत्राने सांगितलं तर मला सोसेल. मी स्वतः उठून सांगू शकत नाही. एवढा हिवाळा मला दे. आणि रेजीनला काही लिहू नकोस.

आर्मां


वूस्टर
१२ जानेवारी १९७५

आर्मां,

पाच पत्रं लिहून फाडली. ठीक आहे. एप्रिलपर्यंत.

एका अटीवर. अंगठा बंद. कोणी तुझ्याकडे बघितलं तर तू दुसरीकडे बघ. पंपाच्या मागे जाऊन उभा राहा, बूट बांधत बस, काहीही कर, पण त्या दाराशी कोणालाही हो म्हणू नकोस. मला तसं वचन दे. दिलंस असं समजतो.

शंभर वॉटचा पाठवतोय. त्याच्या मागे मी दोन फ्यूज बसवलेत, म्हणजे पुढचा ट्वीटर जळण्याआधी फ्यूज जाईल. काचेची नळी काळी दिसली की बदलायची. जास्तीचे सहा डब्यात आहेत. मोठ्या आकड्याचा फ्यूज कधीही घालू नकोस. दोन्ही पेट्या ऐकायच्या खुर्चीपासून सारख्या अंतरावर ठेव. तारा जाड वापर.

हे सगळं मी का लिहितोय कुणास ठाऊक. दुसरं काही सुचत नाही.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
१६ मार्च १९७५

लिओ,

ऑरेल मिशो गेला. काल पुरलं.

मंगळवारी दुपारी तो ब्लीचखान्यात झडप फिरवायला गेला. आत पाइप फुटला होता. दोघांनी ओढून बाहेर काढला, पण छातीत वायू भरला होता, गुरुवारी सकाळी संपला. बायकोला, इव्हेटला, शेवटपर्यंत ओळखत होता, बोलता येत नव्हतं. तीन पोरं आहेत. सगळ्यात धाकटी अजून बोबडं बोलते.

शिट्टी वाजलीच नाही. सगळे तेच म्हणतात. कारण आर्मां तिथेच उभा होता आणि आर्मांने ती ऐकली नाही, आणि आर्मांला ऐकू आली नाही म्हणजे ती वाजली नाही. फोरमनने भर चर्चमध्ये तसं सांगितलं. कंपनीने शिट्टी उतरवून टेबलावर ठेवलीय. जो विजेचा माणूस तिची देखभाल करायचा, वॉल्टर प्रिंगल, त्याला घरी बसवलंय. लोक त्याच्या घरावरून जाताना थुंकतात. त्याच्या बायकोशी दुकानात कोणी बोललं नाही.

आर्मां जेवत नाही. ईस्टरआधीचा लेंटचा उपवास आहे म्हणतो, पण एवढा उपवास कोणी करत नाही. तुझ्या पेट्यांवर त्याने चादर टाकलीय. मी विचारलं तर म्हणाला, धूळ बसते.

कंपनीला बाहेरचा आवाजातला जाणकार हवाय, शिट्टी तपासून लेखी द्यायला. मी फोरमनला तुझं नाव सांगितलं. माझा भाऊ म्हणून नाही, तू त्यातला आहेस म्हणून. त्याला तू पसंत आहेस. आर्मां उठून लाकडं फोडायला गेला. तू ये, लिओ. ती शिट्टी बिघडलेली होती असं एकदा लिहून दे, म्हणजे याचा जीव थाऱ्यावर येईल. त्याला वाटतं आपण काहीतरी करायला हवं होतं. त्याने काय करायचं होतं?

रेजीन


वूस्टर
१८ मार्च १९७५

आर्मां,

कंपनीचं पत्र आज आलं. मी बुधवारी, २६ तारखेला पोचतो. सगळी मोजमापाची यंत्रं घेऊन येतोय आणि ती लावायच्या आधीच मला माहीत आहे काय निघणार. शिट्टी वाजत होती.

मी ते लिहून देणार. प्रिंगलला कामावर परत घेतील, आणि मग सगळे विचारतील की मग आर्मांला का ऐकू आली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडून यायला नको. तुझ्याकडे आठ दिवस आहेत.

मी तुला दोष देणारं पत्र तीनदा लिहिलं. पण दर वेळी माझं जानेवारीतलं पत्र आडवं येतं. एप्रिलपर्यंत ठीक आहे, असं मी लिहिलं होतं. माझ्या अक्षरात. मी फोरमनला एक ओळ टाकली असती तर ऑरेल आज तुझी टिंगल करत असता. तुला वाईट वाटेल म्हणून मी नाही टाकली. मी त्या बदल्यात तुला फ्यूज पाठवले.

आधी ताईला सांग. मग इव्हेटला. बाकीच्यांचं मी बघतो.

लिओनेल


सेंट-ओडिल फॉल्स
२३ मार्च १९७५

लिओनेल,

वचन मी पाळत होतो. दोन महिने पाळलं. पंपामागे उभा राहायचो. कामावरची मुलं म्हणायची, म्हाताऱ्याला थंडी वाजते. त्या मंगळवारी मी दाराकडे पाठ करून तेलाचा डबा भरत होतो. वळलो तर ऑरेल समोर, उंदराचे कान घालून, भुवया वर करून बघतोय. मी काही ठरवलं नाही. अंगठा आपोआप वर गेला. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली, नेहमीसारखी, मला चिडवायला, आणि आत गेला. शिट्टी तेव्हा वाजत होती की नाही हे मला आयुष्यभर कळणार नाही असं मला वाटलं होतं. आता तू येऊन सांगणार. सांग.

गुरुवारी रेजीनला सांगितलं. तिने शेगडी बंद केली. मग माझ्या समोर येऊन बसली, अगदी समोर, आणि एकेक शब्द मोठ्याने, ओठ हलवून म्हणाली, "तू मला दोन वर्षं मूर्ख समजत होतास." तेवढंच. शुक्रवारी फोरमनकडे गेलो. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. तो प्रिंगलकडे माणूस पाठवणार आहे.

आज चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारची मिसा झाल्यावर, हातातल्या झावळ्या तशाच घेऊन, आम्ही इव्हेटकडे गेलो. स्वयंपाकघरात पोरं होती, तिने त्यांना वर पाठवलं. ऑरेलचे बूट दाराशी तसेच होते. रेजीन दारात थांबली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पक्ष्यांपासून अंगठ्यापर्यंत. तुझं नाव घेतलं नाही. एप्रिलचंही नाही. ती टेबलाला धरून उभी होती आणि माझ्या कानांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

मग ती मान खाली घालून काहीतरी म्हणाली. तिचा आवाज तसाही बारीक आहे, आणि ती टेबलाशीच बोलत होती. चार शब्द असतील, पाच असतील. शिवी असेल. माफी असेल. आत जाताना त्याने तिच्यासाठी काही सांगून ठेवलं होतं का, असंही विचारलं असेल. मला एक अक्षर कळलं नाही.

मी कळल्यासारखी मान हलवली.

आर्मां